बिननावाच्या करंज्या

चेस्टनट खोऱ्यातल्या चर्चमागे टेकाडावर दफनभूमी आहे. दरवर्षी जूनच्या पहिल्या रविवारी सगळं खोरं तिथं लोटतं. आधी थडग्यांवरचं गवत कापायचं, फुलं ठेवायची, भजनं म्हणायची आणि मग ओकच्या झाडांखाली लांब फळ्या टाकून सगळ्यांनी मिळून जेवायचं, अशी रीत. प्रत्येक बाई आपल्या भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवते. कारण पातेल्यांच्या अदलाबदलीवरून दोन घरांत चार-चार वर्षं बोलणं बंद झाल्याचं सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या फळीवर एक ताट मात्र बिननावाचं असे. पांढरं, निळ्या काठाचं, एका बाजूला टवका उडालेलं. त्यात सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या, वीस-बावीस तरी. कोण आणून ठेवतं ते कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि रिकामं झालेलं ताट कोण घेऊन जातं तेही नाही. असं आठ वर्षं चाललं होतं. लोक खात होते आणि विसरून जात होते.

ऑर्लीना विसरणाऱ्यांतली नव्हती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं दोनशे पोरांचं जेवण रांधत होती, आणि तोंडात गेलेल्या घासात काय काय आहे हे कळल्याशिवाय तिला पुढचा घास घेववत नसे. नवरा म्हणे, "तुला जेवायला बोलावणं म्हणजे फौजदाराला बोलावणं."

१९७१ सालच्या त्या रविवारी ती करंजी चावत उभी होती. शेजारी बर्गिन मेटकाफ येऊन उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला, लाकडाच्या गिरणीत जन्म घालवलेला, डाव्या हाताची दोन बोटं करवतीला देऊन बसलेला माणूस. त्याची बायको नोली जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानंही एक करंजी उचलली, अर्धी खाल्ली आणि तोंड वाकडं केलं.

"काहीतरी कमी आहे," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

"मला तर चांगली लागली, काका."

"चांगली आहे गं. पण काहीतरी कमी आहे. तू स्वयंपाकातली, तुला कळायला पाहिजे."

"कोणाच्या आहेत ते सांगा, मग तिलाच जाऊन विचारते."

"मला काय ठाऊक," असं म्हणून त्यानं उरलेली अर्धी तोंडात टाकली आणि तो चिकनच्या पातेल्याकडे वळला.

ऑर्लीनाची नणंद ट्रीव्हा तिथंच बटाट्याचं सॅलड वाढत होती. ऑर्लीनानं तिला विचारलं तर ती म्हणाली, "हेस्टरच्या असणार. तिलाच असला मोठेपणा. नाव लावायचं नाही, म्हणजे सगळ्यांनी विचारत फिरावं."

पण हेस्टरनं शपथेवर सांगितलं की तिनं आयुष्यात करंजी तळली नाही, तिची पारी तेलात उघडते. इतकी नामुष्कीची गोष्ट कोणी खोटी सांगणार नाही, म्हणून ऑर्लीनानं तिच्यावर विश्वास ठेवला. मग तिनं ताटातली शेवटची करंजी रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

"वहिनी, चोरी करताय?" ट्रीव्हा म्हणाली.

"तपास करतेय," ऑर्लीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा तंबाखूच्या शेतावर गेल्यावर तिनं ती करंजी ओट्यावर ठेवली आणि पातळ सुरीनं मधोमध कापली. सारण फिकट पिवळं होतं, जवळजवळ पांढरं. तिथंच ती थबकली. खोऱ्यातल्या सगळ्या बायका सफरचंदाच्या फोडी पत्र्यावर उन्हात वाळवतात, आणि त्या तपकिरी पडतात. फोडी पांढऱ्या राहायच्या तर त्यांना वाळवण्याआधी गंधकाची धुरी द्यावी लागते. ते काम तिनं लहानपणी आजीकडे पाहिलं होतं. आता कोण करतं?

मग तिनं कडेची मुरड पाहिली. काट्याच्या दात्यांनी दाबून बंद केलेली. तिनं नखानं खुणा मोजल्या. तीन, मग जागा, मग पुन्हा तीन. घरातला काटा काढून शेजारी ठेवला, त्याला चार दाते होते. तीन दात्यांचे काटे म्हणजे हाडाच्या मुठीचे, पणजीच्या काळातले.

तिनं चवीचा अंदाज घेत स्वतः करून पाहिल्या. मैद्यात चरबीचं मोहन घातलं, ताकात पीठ भिजवलं, बशी पालथी घालून गोल पाऱ्या कापल्या. फोडी शिजवून ठेचल्या, साखर आणि दालचिनी घातली, बिडाच्या कढईत तळल्या. करंज्या उत्तम झाल्या, नवऱ्यानं सहा खाल्ल्या. पण त्या तशा नव्हत्या. हिचं सारण गडद आणि गोड होतं, त्या ताटातल्याला एक स्वच्छ आंबटपणा होता.

"खाऊन झालं ना? मग सोड की आता," नवरा म्हणाला.

"मला झोप लागेल तेव्हा सोडेन."

सप्टेंबरात सफरचंदं उतरायला लागली तशी ती पशुखाद्याच्या दुकानात गेली. दुकानदार तिच्याच वर्गात शिकलेला. तिनं विचारलं, गंधक कोण नेतं?

"निम्मं खोरं नेतं. कोणी गोचिडांसाठी पायांना चोळतं, कोणी कुत्र्याच्या खरजेला लावतं. का गं?"

"उन्हाळ्यात नव्हे. आत्ता, सफरचंदाच्या दिवसांत कोण नेतं?"

तो डोकं खाजवत राहिला. "आत्ता म्हणशील तर बर्गिन. दर सप्टेंबरला दोन शेर. कुत्र्यांसाठी म्हणतो."

"त्यांच्याकडे एकच कुत्रा आहे."

"मग त्याला फारच खाज असेल," दुकानदार म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

बर्गिनचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून ऑर्लीनानं बीटच्या लोणच्याची बरणी घेतली. दार ठोठावलं, कुत्रा भुंकला, आतून कोणी आलं नाही. मागच्या अंगणातून मात्र काडी ओढल्यावर येतो तसला उग्र वास येत होता. ती घराला वळसा घालून गेली.

परसात एक लाकडी पिंप उभं होतं. त्यावर जुनी गोधडी टाकलेली, आणि कडांमधून निळसर धूर निसटत होता. पलीकडे मेजापाशी बर्गिन बसला होता. कमरेला पिठाच्या पोत्याचा एप्रन, मांडीवर परात, आणि उरलेल्या तीन बोटांत सफरचंद धरून तो दुसऱ्या हातानं इतकी पातळ साल काढत होता की ती खाली मातीपर्यंत लोंबत होती.

तिला बघून त्यानं सुरी खाली ठेवली. एप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला, मग ती सुटेना म्हणून हात पुढे आणून तसाच बसला.

"कुत्र्यासाठी आहे," तो पिंपाकडे बघत म्हणाला.

"कुत्रा त्यात बसतो का, काका?"

त्यानं हातातलं सफरचंद परातीत ठेवलं. मग म्हणाला, "ट्रीव्हाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही सांगितलं. मला फक्त समजून घ्यायचं होतं."

"बस मग. चाकू त्या खणात आहे. हात चालवत बोल."

ती बसली आणि साली काढू लागली. काका सांगत गेला, तिच्याकडे न बघता, हातातल्या फळाशी बोलत असल्यासारखा. एकतीस वर्षं नोलीनं त्याच्या गिरणीच्या डब्यात दोन करंज्या दिल्या. रोज दोन. दफनभूमीतल्या जेवणाला ती घेवड्याच्या शेंगा न्यायची, म्हणून या करंज्या त्याच्याशिवाय कोणी खाल्ल्याच नव्हत्या. तो दुपारी ओंडक्यावर बसून खायचा आणि डबा बंद करायचा. कशा करतेस, हे त्यानं तिला एकदाही विचारलं नाही.

"ती गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात आठवण आली. म्हटलं करून बघू, त्यात काय एवढं. पहिल्या घाण्याच्या कुत्र्यानंही खाल्ल्या नाहीत. गंधकाचं मला ठाऊक होतं, पिंप मीच भरून द्यायचो. काटा तिचाच आहे. बाकीचं अंदाजानं करत आलो. आता पुष्कळ जवळ पोचलोय. पण काहीतरी कमी आहे."

"पण नाव का नाही लावलंत?"

"नाव लावलं असतं तर काय म्हणाल्या असत्या तुम्ही बायका? बिचारा, बायकोच्या आठवणीनं करतो, किती छान झाल्यात. मला खरं ऐकायचं होतं. दर वर्षी मी ताटापाशी उभा राहतो आणि लोकांना विचारतो. सगळे म्हणतात चांगल्या आहेत. एकालाही काय कमी आहे ते सांगता येत नाही."

ऑर्लीनाला हसू आलं आणि ती उठली. "मला करून दाखवा. सुरुवातीपासून."

आतलं स्वयंपाकघर तिच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं. गेल्या वर्षीच्या पांढऱ्या फोडी कापडी पिशवीत टांगलेल्या होत्या. त्यानं त्या गरम पाण्यात टाकल्या, आणि त्या फुगेपर्यंत पीठ मळलं. लाटणं म्हणून तो एक गुळगुळीत दांडा वापरत होता, गिरणीतच कातून घेतलेला. ती प्रत्येक गोष्ट चाखत होती. सारणात दालचिनी बेताची, चिमूटभर मीठ, साखर कमी. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पारीही पातळ, मुरडही नीट.

मग त्यानं कढईत चरबी घातली. पांढरीशुभ्र, दुधाच्या सायीसारखी.

"ही कुठली?"

"घरच्याच डुकराची. मी स्वतः कढवतो, दोनदा गाळतो."

"नोलीकाकू कशात तळायची?"

"याच्यातच. चुलीशेजारी तिचं एक मडकं असायचं, त्यातली चरबी. कधी रिकामं झालेलं पाहिलं नाही."

ऑर्लीनाच्या हातातला चमचा थांबला. ते मडकं तिला आठवलं. नोलीच्या दफनाच्या दिवशी शेजारच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे हे घर आवरलं होतं, आणि चुलीकडची बाजू तिच्याकडे आली होती. तपकिरी मडकं, आत पिवळट चरबी, त्यात काळे-हिरवे कण. तिला ती घाण वाटली होती. तिनं ती परसातल्या खड्ड्यात ओतली होती आणि मडकं राखेनं घासून लख्ख केलं होतं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही सॉसेज तळून बरण्यांत भरून ठेवता ना, वरून चरबी ओतून? सॉसेज संपल्यावर त्या चरबीचं काय करता?"

"कुत्र्याच्या भाकरीवर घालतो."

"काकू काय करायची?"

बर्गिन विचार करू लागला. "तिच्या वेळी कुत्रे हडकुळे होते," तो सावकाश म्हणाला.

"त्या मडक्यात ती तेच साठवत होती. सॉसेजमध्ये घालतात तो सेजचा सुगंधी पाला आणि लाल मिरची उतरलेली चरबी. मला कसं ठाऊक, ते ऐकून घ्या. ती मी फेकली. दफनाच्या दिवशी. मला वाटलं खराब झालीय."

तो खुर्चीवर बसला. चुलीवरची कढई तापत होती, ती त्यानं हात लांब करून बाजूला सरकवली. ऑर्लीना उभीच राहिली. तिला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलेल आणि ते आपल्याला ऐकून घ्यावं लागेल.

"तुला काय ठाऊक असणार, पोरी," तो शेवटी म्हणाला. "एकतीस वर्षं मी या घरात होतो. मला ठाऊक नव्हतं."

ऑर्लीनाच्या तळघरात गेल्या नोव्हेंबरच्या सॉसेजच्या दोन बरण्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक घेऊन आली. बरणी गरम पाण्यात ठेवून त्यांनी चरबी पातळ केली आणि हिरव्या कणांसकट कढईत ओतली. करंज्या सोडल्या तेव्हा खोलीभर वेगळाच वास पसरला. बर्गिन चुलीपासून दोन पावलं मागे सरकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

तिनं तपकिरी कागदावर दोन निथळत ठेवल्या. पहिली तिनंच मोडून खाल्ली. आंबट, मग गोड, आणि अगदी शेवटी घशापाशी मिरचीचा बारीक चटका. ही युक्ती तिलाही सुचली नसती. तिनं दुसरी त्याच्यासमोर ठेवली.

तो खाऊ लागला. घाईनं नाही आणि थांबतही नाही. संपल्यावर बोटं चाटली, कागदावरची खुसखुशीत कड टिपून तोंडात टाकली. मग आणखी एक मागितली, तीही संपवली. डोळे ओले झाले होते, पण त्यानं ते पुसले नाहीत.

"हीच," तो म्हणाला.

दोघं कॉफी पीत बसली. बाहेर पिंपातून आता धूर येत नव्हता. आता काहीतरी मोठं झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण काका खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचा चेहरा काम सुटलेल्या माणसासारखा दिसत होता.

"आठ वर्षं हेच करत होतो," तो म्हणाला. "आता पुढं काय करू?"

ऑर्लीनानं त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. मग सहज विचारलं, "काकू आणखी काय काय करायची? जे तुम्ही कधी विचारलं नाहीत असं?"

त्यानं खिडकीवरून नजर काढली. मग खुर्ची तिच्याकडे वळवून बसला.

"हिरव्या टोमॅटोचं लोणचं करायची," तो म्हणाला. "मोहरीचं. पण त्यात मोहरीशिवाय आणखी काहीतरी पिवळं असायचं. चव अशी, की सांगू कशी तुला..."

ऑर्लीनानं कप खाली ठेवला. "सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा. आधी वास कसला यायचा?"