ओव्हनमधली बरणी

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे धरसोड्या म्हणायचे, आणि उगाच नाही. गिटार झाली, पोहणं झालं, एक लग्नही झालं. दारू तेवढी मन लावून प्यायला. मग एक दिवस तीही सोडली, आणि त्याच संध्याकाळी बरणीत पीठ-पाणी कालवून खमीर लावलं. विकतचं यीस्ट नाही. हे आपोआप आंबतं, रोज नवं पीठ घालून जगवायचं आणि त्यातलं थोडं घेऊन पाव करायचा. मी म्हटलं, घ्या, आणखी एक खूळ. पण तीन वर्षं झाली, खमीर जिवंत आणि हा शुद्धीवर. खमीर उपाशी राहिलं की वर पाणी सुटतं, त्याला चक्क दारूचा वास येतो. हा ते निमूट ओतून टाकायचा आणि पीठ घालायचा.

गेल्या महिन्यात त्याला लिफ्ट बसवायच्या कामावर आठवडाभर बाहेरगावी जायचं होतं. बरणी माझ्या हातात देत म्हणाला, "ताई, तुझ्यावर सोपवतोय."

थंडी होती. खमिराला ऊब लागते म्हणून मी बरणी ओव्हनमध्ये ठेवली. ओव्हन बंद, नुसता आतला दिवा लावलेला. स्वतःच्या हुशारीवर खूश होते. दारावर चिठ्ठी लावायची अक्कल मात्र झाली नाही. मी दुकानात गेले, आणि आमच्या ह्यांना, ज्यांनी जन्मात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, नेमकं त्याच दिवशी मला खूश करायचं सुचलं. बटाटे भाजायला म्हणून आत न बघताच ओव्हन तापवला.

परत आले तर घरभर पावाचा वास. बरणीतलं खमीर भाजून दगड झालं होतं.

"दुसरं आणू की," हे म्हणाले. "पीठच ते शेवटी."

"अहो, तुम्ही गप्प बसा."

पिठाचं कोणाला पडलंय? भाऊ परत प्यायला लागला तर, याची धास्ती होती. मागे एकदा त्याला जिन्यातून मीच उचलून घरात आणलं होतं. ते मला पुन्हा बघवलं नसतं.

तो आल्यावर बरणी तशीच घेऊन त्याच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बरणी उलटसुलट करून पाहिली आणि खुर्चीत बसला.

"हिच्यामुळे दारू सोडली नव्हती गं," तो म्हणाला. "पण संध्याकाळी हाताला काम होतं. आता आज संध्याकाळी काय करू, ते सांग."

"नवीन लाव. मी बसते."

त्याने पीठ-पाणी कालवलं. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून मी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. ह्यांना सांगितलं, जेवणाचं तुमचं तुम्ही बघा, ओव्हन लावता येतोच आता. खमीर फसफसून वर आलं, तेव्हा आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो. मग ते एकदम बसलं. ना बुडबुडा ना काही, कुजका वास तेवढा.

त्यानंतरच्या संध्याकाळी पोहोचले तर हा कचऱ्याच्या डब्यापाशी बरणी घेऊन उभा. पायात बाहेर जायचे बूट.

"मेलंय ताई. पुन्हा पहिल्यापासून नाही होत माझ्याच्याने."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. खमिरातलं मला ओ की ठो कळत नाही. जिवंत होतं की मेलेलं, देव जाणे. मी बरणी त्याच्या हातातून काढून घेतली, थोडं काढून टाकलं, पीठ घातलं, पाणी घातलं, ढवळलं.

"काय उपयोग?" तो म्हणाला.

"नसू दे उपयोग. मी उद्या येणार आहे, आणि तू घरी असायचंस."

तो खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.