बावोतलं रिकामं घर

“बाई, खोडलेलं नाही काही. नुसतं लपवलंय,” फेस्टन म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात तो माहिती भरतो. आमच्या मतोंडो गावचाच मुलगा. त्याला मोजायला मी शिकवलं, शाळेच्या आंब्याखाली जमिनीत बावोच्या खेळाची घरं उकरून, घराघरात बिया टाकत टाकत.

“याला पिव्हट टेबल म्हणतात. डावीकडे गाव, उजवीकडे चालू हातपंप. आता बघा.”

त्याने कुठेशी दाबलं. ओळी पसरल्या. मधेच मतोंडो दिसलं, समोर शून्य. त्याने पुन्हा दाबलं. मतोंडो गेलं. खालचं गाव वर सरकलं. मधे फटसुद्धा राहिली नाही.

“कशाला लपवलंस रे?”

“साहेब म्हणाले, राजधानीतून, लिलाँग्वेहून, पंप देणारे पाहुणे यायचेत, पानभर शून्यं बघून काय म्हणतील? तक्ता सुटसुटीत कर.”

“मग पाहुण्यांनी काय केलं?”

“सगळ्यात कमी पंप असलेली गावं निवडली. छापलेल्या कागदावरून.” त्याने मान खाली घातली. “कागदावर सगळ्यात कमी म्हणजे एक होता.”

म्हणून काल बोअरचा ट्रक आमच्या फाट्यावर न वळता सरळ गेला. शेजारच्या गावाला दुसरा पंप मिळाला. आणि आमच्याकडे पंपाच्या ओट्यासाठी बायकांनी विटा भाजून ठेवल्यात, नदीची वाळू डोक्यावरून आणून ढीग लावलाय. तयारीत राहा, असा निरोप फेस्टननेच पाठवला होता.

“बावो खेळताना घर रिकामं आलं की काय करायचास?”

“बाई, मी काय आता लहान आहे?”

“सांग तरी.”

“त्यातही बी टाकायची.” मग हळूच म्हणाला, “वगळून पुढे गेलं तर रडीचा डाव.”

“ओळी लपवताना आपलं गाव दिसलं होतं तुला?”

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. त्याने पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला.

“दिसलं होतं. पण साहेब खुर्चीमागे उभे होते. माझी नोकरी अजून कच्ची आहे, बाई. ट्रक आता परत फिरत नाही. पुढच्या वर्षी बघतो काहीतरी.”

मुलांवर मी कधी आवाज चढवला नाही. त्याच्यावरही नाही चढवला. त्याने माझ्यासाठी मागवलेला चहा मात्र तसाच ठेवून मी उठले.

गावात उतरले तेव्हा ऊन कललं होतं. फेस्टनची आई विटांच्या ढिगापाशी बसली होती. धुळीने माखू नयेत म्हणून तिने आपलं नवं चितेंजे, सणाला कमरेला गुंडाळायचं कापड, विटांवर पांघरलं होतं.

“भेटला का माझा साहेब?” तिने हसत विचारलं. “का बाईंनापण बाकावर बसवून ठेवलं?”

“भेटला. चहा पाजला.”

“आपल्या गावाचं नाव घातलंय ना त्याने?”

मी तिच्या शेजारी टेकले. वाळूला अजून नदीची ओल होती.

“आहे,” मी म्हटलं. “नाव आहे तिथे.”

“बघा! मी म्हटलंच होतं सगळ्यांना. माझं पोर गावाला विसरायचं नाही.”

ती उठली. वाऱ्याने उडालेलं चितेंजेचं टोक तिने एका विटेखाली नीट दाबलं आणि रिकामी बादली डोक्यावर घेऊन नदीच्या वाटेला लागली.