टाकी आत गेली कशी

तो स्क्रू बाकीच्यांसारखा नव्हता. अंगठ्याखाली आधी नुसता एक फुगवटा लागला, रंगाचे चार-पाच थर चढलेला, आणि तिने नखाने खरवडलं तर खाली पितळ निघालं, डोक्यावर एकच सरळ खाच... आणि या बोटीत तर झाडून सगळे स्क्रू पोलादी, डोक्यावर अधिकचं चिन्ह असलेले. गेले आठ दिवस ती त्यांच्याच संगतीत होती, त्यांना तिने झोपेतसुद्धा ओळखलं असतं. मग हा पाहुणा कोण? ती केबिनच्या मागच्या टोकाला गुडघ्यांवर बसली होती. भांडी धुवायच्या बेसिनचं कपाट आणि शिडीच्या पायऱ्या सकाळी काढून टाकल्यावर जी लाकडी भिंत उघडी पडली होती, तिच्या कडेवरून ती डोळे मिटून बोट फिरवत होती, कारण रंगाखालचं काही शोधायचं तर डोळ्यांचा उपयोग नसतो. बोट वीतभर पुढे सरकलं. आणखी एक फुगवटा. पुन्हा वीतभर, पुन्हा एक. सारख्या अंतरावर.

भिंतीपलीकडे टाकी होती, डिझेलची, तळाशी गंजून पाझरणारी. ती बाहेर काढल्याशिवाय ही बोट पाण्यात जाणार नव्हती.

बोटदुरुस्तीची ही शेड चालवणाऱ्या दादाचं म्हणणं सरळ होतं. दादाची सगळी म्हणणी सरळच असतात, करवतीच्या पात्यासारखी. कारखान्यात आधी टाकी ठेवतात, मग तिच्यावर बोटीची मागची उघडी जागा, जिथे माणसं बसतात ती, अखंड एका तुकड्यात बसवतात; तेव्हा टाकी काढायची तर त्या जागेची जमीन कापायची, दुसरा रस्ता नाही. आणि ती जमीनच बोटीच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवते. एवढ्या जुन्या बोटीची ती कापली की पुन्हा कितीही सांधा, लाटेवर कुरकुरणारच. म्हणजे कापणं म्हणजे मारणंच होतं, फक्त ते कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. "चारपर्यंत वेळ आहे तुझ्याकडे," दादा सकाळी म्हणाला होता. "मग मी करवत लावतो, नाहीतर ही भंगारात. शेडमधली जागा मला लागणार आहे, चिमणे." बावन्न वर्षांच्या बाईला चिमणी म्हणणारा जगात आता हा एकच माणूस उरला होता.

बोट तिची होती. चार वर्षांपूर्वी तिने हिच्या गाद्या शिवल्या होत्या, शेडच्या माडीवरच्या शिवणाच्या खोलीत, जशा गेली तीस वर्षं ती सगळ्यांच्या बोटींच्या गाद्या आणि आच्छादनं शिवत आली. मालक मग फिरकलाच नाही, आणि शेवटी फोनवर म्हणाला, घ्या हो तुम्हीच, नाहीतर मोडीत घाला. तिने घेतली. शेडमधले लोक हसले. तिने बोट घेतली म्हणून नाही. गाद्या ओल्या होतील म्हणून ती बोट पाण्यातच घालणार नाही, असा त्यांचा विनोद होता. हसू देत... हसणाऱ्याचे दात दिसतात, असं आई म्हणायची.

आणि हसता हसता त्यांनी एक गोष्ट पाहिली नव्हती. ती तिने पाहिली होती. टाकीच्या वर, जमिनीत, बशीएवढं एक गोल झाकण आहे, त्यातून फक्त हात आत जातो. डोकं जात नाही, म्हणून पुरुषांनी आत पाहिलं नाही. तिने पर्समधला छोटा आरसा आत घातला, टॉर्च घातला, आणि टाकीच्या कुशीवर ठोकलेली पट्टी वाचली, उलटी. पण जन्मभर कापडाची उलटी बाजू वाचणाऱ्या बाईला उलट्या आकड्यांचं काय? टाकीचं वर्ष बोटीच्या वर्षापेक्षा नऊ वर्षांनी पुढचं होतं.

ती तशीच पालथी पडून राहिली होती, दंड झाकणात अडकलेला. नऊ वर्षांनी! म्हणजे ही टाकी या बोटीच्या पोटात जन्मलेली नाही. कुणीतरी एकदा जुनी काढली होती, ही घातली होती, आणि वरच्या जमिनीवर कापल्याची खूण नाही, एक ओरखडा नाही. टाकी आत गेली होती. आणि जी आत गेली ती...

दादाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? तो "असेल काहीतरी" म्हणाला असता, म्हणून. त्याच्या "असेल काहीतरी"वर मी तीस वर्षं गप्प बसत आले. तो वाईट नाही. माझ्या पडत्या काळात त्यानेच ती माडीवरची खोली दिली, मशीन दिलं, खिडकीला पडदा हवा का विचारलं. फक्त खाली कधी बोलावलं नाही. वडिलांच्या वेळीही तेच. हत्यारं खाली, सुया वर, आणि मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. त्या जिन्यावर बसून मी कितीतरी इंजिनं उघडताना पाहिली. चहा आणलास का, तेवढं विचारायचे वडील, वर न बघता.

पण गादी कशी शिवतात हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. गादीच्या खोळीच्या सगळ्या शिवणी आतून घालतात, उलट बाजूने, मशीनवर. एक सोडून. ती एक बाजू उघडी ठेवावी लागते, खोळ सुलटी करायला, फोम भरायला. आणि शेवटी ती बाहेरून हाताने मिटवतात. ती शिवण कितीही सफाईने घाला, ती वेगळीच दिसते. दोरा वेगळा असतो, हात वेगळा असतो. गादी उघडायची असेल तर ती एकच शिवण शोधायची आणि उसवायची. कात्री लावतो तो अडाणी. म्हणून आठ दिवस ती बोटीभर हेच शोधत हिंडली होती: बाहेरून, शेवटी, दुसऱ्या हाताने मिटवलेली एक बाजू.

अकरा पितळी स्क्रू. टाके उसवायच्या काट्याने तिने एकेकाच्या खाचेतला रंग कोरून काढला, हलक्या हाताने, जणू खालचं कापड फाटेल. मग रुंद पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर, सगळं वजन मनगटावर. पहिला करकरला आणि फिरला. दुसरा. तिसरा तर वाट पाहत असल्यासारखा निघाला. पाचव्यापर्यंत ती गुणगुणायला लागली होती आणि आपण गुणगुणतोय हे लक्षात येताच गप्प झाली, कारण काम व्हायच्या आधी आनंद करू नये... हे कुणी शिकवलं होतं? लग्नाच्या घरातून निघतानाही ती अशीच निघाली होती, आरडाओरडा न करता, क्रमाक्रमाने. आधी पुस्तकं हलवली, मग मशीन, मग कपडे, आणि शेवटी एका दुपारी ती स्वतः. नवऱ्याला आठवडाभर पत्ता लागला नाही की काय काय गेलं. लोक म्हणाले, किती थंड बाई. थंड? रोज आतून उसवत होती ती, पण धागा तुटला नाही एवढं खरं.

अकरावा फिरेना. खालचा डावा कोपरा, पाण्याने हिरवा पडलेला. तिने तेल सोडलं, थांबली, पुन्हा जोर लावला, आणि खाचेची एक कड लोण्यासारखी सोलून निघाली. घड्याळात अडीच. दहा निघाले आणि एकावर घोडं अडलं. आता हे दादाला कळलं तर तो करवत घेऊनच वर येईल आणि वर म्हणेल, मी सांगत होतो. ती भिंतीला कपाळ टेकून बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो राग, आणि रागाने एकदम डोकं साफ झालं: घाई मीच करतेय. शिवण कुजली असेल तर ओढायचं नाही, नवा टाका घालायचा. तिने करवतीचं मोडकं पातं चिंध्यांत गुंडाळून मुठीत धरलं आणि स्क्रूच्या डोक्यावर जुन्या खाचेला आडवी नवी खाच घासायला घेतली. खर्र, खर्र. वीस मिनिटं. पितळेची सोनेरी धूळ बोटांवर, पदरावर. मग तेलाचा एक थेंब, मग पातं खाचेत, आणि तिने जोर लावला नाही, नुसता दाब ठेवला, ठेवला, ठेवला...

फिरला!

"हा!" ती मोठ्याने म्हणाली, रिकाम्या केबिनमध्ये, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

सुरीच्या पात्याने कडेचा रंग चिरत नेल्यावर अख्खी भिंत एकसंध हातात आली, दाराएवढी. आणि मागे ती बसली होती, करड्या रंगाची, गप्प, रबरी पट्ट्यांवर, दोन लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली. तिच्या अंगावर पडलेला हा बहुधा पंचवीस वर्षांतला पहिला दिवसाचा उजेड असावा. तिला टाकीचा एकदम लळा आला. पाझरत होती तरी.

पाईप सोडवले, तोंडं चिंध्यांनी बंद केली, पट्ट्या सोडल्या. कालच डिझेल उपसून ती रिकामी केली होती, तरी एकटीने ओढण्यासारखी नव्हती. तिने बाहेर डोकं काढून शेजारच्या बोटीला रंग देणाऱ्या रंगारीमामांना हाक मारली. साठी उलटलेला माणूस, शेडमध्ये न हसलेला एकटाच. कदाचित कमी ऐकू येतं म्हणून.

मामा आत वाकून बघतच राहिले. "अगं ताई, ही भिंत निघते?"

"निघाली."

"एवढ्या वर्षांत तीन वेळा रंगवलीय मी ही. मला वाटलं, भिंत म्हणजे भिंत."

टाकी रबराला चिकटली होती. मामा म्हणाले, पहार आणतो. ती म्हणाली, थांबा, आणि माडीवर जाऊन अस्तराच्या गुळगुळीत कापडाची लांब पट्टी आणि साबणाची वडी घेऊन आली. कोटाच्या बाहीत हात सुर्रकन जातो तो कशामुळे? अस्तरामुळे. टाकीची कड पाचर घालून बोटभर उचलली, साबण फासलेली पट्टी खाली सरकवली, आणि दोघांनी दोर धरून ओढलं. टाकी आधी नाही म्हणाली. मग सुटली, आणि अशी सरकत केबिनमध्ये आली की मामा मागच्या बाकावर बसलेच.

आता केबिनचं दार. दाराची तिला चिंता नव्हती. रविवारी फोमच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची तिने, झाकणातून हात घालून घेतलेल्या मापांवरून, अगदी मापात टाकी केली होती, वरच्या नळीच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ चिकटवलं होतं, आणि ती पुठ्ठ्याची टाकी याच दारातून दहादा बाहेर काढून पाहिली होती. दादा म्हणाला होता, भातुकली मांडलीय. भातुकली तर भातुकली. पण त्यातून तिला कळलं होतं की आडवी येत नाही, कुशीवर वळवली तर नळी दोन बोटं अडते, आणि दाराच्या चौकटीची आतली पट्टी काढली की नेमकी अडीच बोटं मिळतात. पट्टी काढली. टाकी कुशीवर वळली. नळी चौकटीला घासत, करवादत बाहेर आली, आणि जिच्याखाली ती इतकी वर्षं लपून होती त्याच अखंड जमिनीवर टाकी चार वाजायला दहा मिनिटं असताना उभी राहिली. मामांनी टाळ्या वाजवल्या, रंगाच्या हातांनी, आणि शेडमधली सगळी ठोकठाक थांबली.

साखळीच्या कप्पीने टाकी खाली उतरवली तेव्हा पुरुष गोल करून उभे होते. कुणीच विनोद केला नाही. दादा करवत हातात घेऊनच आला होता. त्याने टाकीभोवती एक फेरी घातली, मग बोटीवर चढला, मागच्या जमिनीवर वाकून, हात फिरवून कापल्याची जागा शोधली. तिने त्याला शोधू दिलं. तिला इतकं बरं वाटत होतं की हसू ओठांत मावेना. आवडत्या माणसाला चूक ठरवण्यात जो गोड दुष्टपणा असतो तो तिने चवीने, पुरेपूर भोगला.

"कुठून काढलीस?"

"आली तिथून."

दादाने करवत खाली ठेवली. केबिनमध्ये डोकावला, बराच वेळ. खाली उतरून हात पुसत राहिला, हात स्वच्छ होते तरी. मग, तिच्याकडे न बघता: "ती निळी बोट आहे ना कोपऱ्यातली, तिची टाकी सोमवारी कापून काढायची ठरलीय. कापण्याआधी... एकदा बघशील?"

"हत्यारं आवरते," ती म्हणाली आणि पुन्हा बोटीवर चढली.

आवरायचं फारसं काही नव्हतं. ती भिंतीच्या जागी उघड्या पडलेल्या पोकळीत वाकली, आणि मग, का कोण जाणे, सरळ आत सरकून टाकीच्या जागी बसली, गुडघे पोटाशी घेऊन. डिझेलचा वास होता, तळाशी ओल होती. दोन्ही बाजूंना बोटीचं कवच आतून दिसत होतं, तिची उलटी बाजू, खरबरीत, जिथे कारागिराने काही लपवलेलं नसतं. "एकदा बघशील?" हे वाक्य कधीतरी येईल म्हणून मी तीस वर्षं थांबले होते. जिन्यावर बसून, शिवणाच्या खिडकीतून, मनात हजारदा ऐकून. आणि दर वेळी मनातली मी एका दमात चौदा पायऱ्या उतरून खाली धावत गेले होते. मग आता पाय का उचलत नाहीत? राग आहे का? तिने चाचपून पाहिलं. राग नव्हता. निळी बोट बघायची नाही असंही नव्हतं. ती शिवण कुठे असेल याचा अंदाज बोटांनी आपोआप बांधायला घेतलाच होता. पण त्या अंदाजाला आता दादा लागत नव्हता. कुणी विचारायला लागत नव्हतं. हे इतकं नवीन होतं की तिला त्याची थोडी भीतीच वाटली, आणि भीतीच्या खाली, अगदी तळाशी, प्रचंड आनंद.

"चिमणे!" खालून हाक आली. "बघतेस ना?"

जन्मभर या हाकेला तिने ती पुरी व्हायच्या आत ओ दिली होती. आताही "आले" हा शब्द सवयीने घशापर्यंत आला, आणि तिथे थांबला. तिने त्याला थांबू दिलं. दादा खाली उभा होता, वर बघत, तिच्या उत्तराची वाट बघत. आणि ती आत बसून, पाय हळूहळू लांब करत, आपल्याला नेमकं काय म्हणायचंय याचा पहिल्यांदाच निवांत विचार करत होती.