अकरा भोकांची भिंत

मी भिंत बोलतेय. चाकूरच्या पुढे एका गावाबाहेर जुनं चर्च आहे, त्याची पश्चिमेची भिंत. अंगानं काळा दगड आणि चुना.

अठ्ठेचाळीस साली, निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, गावात गोळीबार झाला. सगळ्या गल्ल्यांतली माणसं चर्चमध्ये, माझ्या आडोशाला येऊन बसली. अकरा गोळ्यांनी मला खोल भोकं पाडली. बारावी खिडकीतून आत गेली. मग छप्पर जळालं.

पुढे ख्रिस्ती घरं लातूरला गेली. गावात राहिली एकटी रूथाबाई. बायका माझ्यावर गोवऱ्या थापायच्या. मला राग नव्हता. तेवढाच कुणाचा हात लागायचा.

दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या ज्योत्स्नाबाई आल्या. गावात देऊळ होतं, विहार होता, मठ होता. पण साऱ्या बायकांनी मिळून बसावं अशी जागा नव्हती. ज्योत्स्नाबाईंनी रूथाबाईला विचारलं, चर्चमध्ये बसू का? म्हातारी म्हणाली, "बसा की. पन रविवारी सकाळी मी येनार." लातूरच्या घरांनीही होकार कळवला.

पत्रे चढले. गवंडी संगप्पा माझी भोकं बुजवायला लागला, तशी रूथाबाई आडवी आली.

"हात लावू नको."

"आज्जी, पानी मुरून राहिलंय. भिंत बसंल."

"बसू दे."

मला पडायचं नव्हतं. पण भिंतीला कोण विचारतं?

काम तीन आठवडे अडलं. एका दुपारी बायका जमल्या होत्या, संगप्पाही चुना घेऊन आला होता. ज्योत्स्नाबाई म्हातारीजवळ फरशीवर बसल्या.

"आज्जी, त्या दिवशी काय झालतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"माजे वडील, एलिया मास्तर, खिडकी लावायला उठले. लोक म्हनले, मास्तर, खाली बसा. ते म्हनले, लेकरं लई भेलेत. मी त्येंचं धोतर धरलं हुतं. पाच वर्षांची हुते."

जमलेल्यांतल्या नागाबाईनं तोंडाला पदर लावला. बारावी गोळी मास्तरांना लागली होती. मग रूथाबाई उठली. "संगप्पा, कर बाबा तुजं काम." पहिल्या भोकात चुना तिनंच अंगठ्यानं दाबला.

आता मी कोरडी आहे. बुधवारी बायका जमतात, वाचतात, भांडतातही. गेल्या रविवारी रूथाबाई आली, तर सहा जणी आधीच बसलेल्या. प्रार्थनेचं गाणं एकीलाही येत नव्हतं.

"तू म्हन आज्जी," नागाबाई म्हणाली, "आमी मागून म्हनतो."

तुम्हीही या, खुशाल पाठ टेका. माझ्यावर आता खूण उरलेली नाही. एलिया मास्तर कोण होते, हे रूथाबाई आहे तोवर ती सांगेल. नंतर तुम्ही सांगा.