पेटीतल्या नमद्याची कैफियत

मित्रांनो, पेटी तयार झाली, उत्तम झाली, आणि तिचा काडीचाही उपयोग झाला नाही.

शेवट आधीच फुटला, तेव्हा हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं समजा. ते कुणी लिहिलेलंही नाही. मी एक जुना नमदा आहे आणि आपली ओळख आत्ताच, या ओळीत होते आहे. नमस्कार.

नमदा म्हणजे काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पडला नसेल तरी मी सांगणार आहे, कारण आजवर मला कुणी विचारलेलं नाही. मेंढीची लोकर धुतात, पिंजतात, तिच्यावर गरम पाणी आणि साबण ओततात, मग तिला तुडवतात, बडवतात आणि लाटतात. एवढं झाल्यावर तिचे तंतू घाबरून एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचा एक जाड, करडा पट्टा होतो. कापडासारखं मला कुणी विणलेलं नाही. मी मार खाऊन एकत्र आलो. पुष्कळ कुटुंबंही अशीच बनतात, हे मला पुढे कळलं.

माझी पहिली नोकरी इस्त्रीच्या दुकानात होती. खाली टेबल, त्यावर मी, माझ्यावर चादर, चादरीवर शर्ट आणि शर्टावर तापलेली इस्त्री. लोक म्हणायचे, "काय कडक इस्त्री आहे!" कुणी टेबलावर थाप मारून म्हणायचं, "मजबूत आहे हं." एकदा तर चादरीचंही कौतुक झालं. जो मध्ये असतो त्याचं कौतुक करायची पद्धत नाही. मी वाईट वाटून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण सपाट राहून.

पुढे दुकानात नवं टेबल आलं आणि मी गुंडाळी होऊन कोपऱ्यात उभा राहिलो. तिथे मला कसर लागली. कसर म्हणजे लोकर खाणारा बारीक किडा. माझ्यात दुसरी कसलीही कसर नव्हती, फक्त ही कसर होती. हा विनोद मी कोपऱ्यात उभा राहून कसरीलाच ऐकवत असे. ती हसत नसे. तिचं तोंड भरलेलं असे.

त्याच गल्लीत एक माणूस लाउडस्पीकरच्या लाकडी पेट्या बनवायचा. सगळे त्याला घुम्या म्हणत. एक तर तो फारसा बोलत नसे. आणि बोललाच तर पेटीवर बोटाने टकटक करून एकच वाक्य बोले, "थोडं घुमतंय अजून."

त्याचं चूक नव्हतं. स्पीकर जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागेही फेकतो. मागचा आवाज पेटीत कोंडला जातो, लाकडावर आपटतो आणि उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा पुढच्या आवाजात येऊन घुसतो. मग बोलणारा माणूस हौदात बसून बोलतोय असं वाटतं. हा मागचा आवाज आतल्या आत जिरवायला पेटीत काहीतरी मऊ भरावं लागतं. त्याला धंद्यात डँपिंग म्हणतात.

घुम्याची आई रोज संध्याकाळी रेडिओवर बातम्या ऐकायची. ऐकायची म्हणजे भांडायची. नवरा गेल्यापासून तिच्या तावडीत सापडेल असा तो बातम्या देणाराच उरला होता. तो म्हणे, "दर स्थिर राहतील." ही म्हणे, "राहतील हो! तुझ्या काकानं सांगितलंय?" तो म्हणे, "समिती नेमण्यात आली आहे." ही म्हणे, "नेमा, नेमा. मेल्यांना चहा प्यायला निमित्त पाहिजे." घरातली सगळी कामं त्या वेळी थांबत. सून भाजी चिरता चिरता हसून घेई. घुम्यासुद्धा गालातल्या गालात हसे, आणि तो हसला हे घरात फक्त आईलाच कळे.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "हा मेला हौदात बसून का बोलायला लागलाय रे?"

रेडिओ तोच होता. घुम्याने उघडून पाहिला, काही बिघडलेलं नव्हतं. मग त्याने आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज आधी जातात. स, श, त, क. जाड आवाज मागे राहतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. हे वाढत जाणार. जे ऐकवायचं असेल ते लवकर ऐकवा." कानात घालायचं यंत्रही दिलं. आईने ते घातलं, काढलं आणि सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवून दिलं. "डोक्यात कुणीतरी भांडी घासतंय असं वाटतं," म्हणाली.

घुम्या म्हणाला, "आई, मी तुझ्यासाठी पेट्या करतो. अजिबात घुमणार नाहीत. शब्द न् शब्द कळेल."

"कर बाबा. पण मला ऐकू येतंय तोवर कर."

ती हे हसत म्हणाली. डॉक्टर हसत म्हणाले नव्हते.

पेट्या भराभर कापून, चिकटवून झाल्या. आता फक्त आत भरायचं राहिलं होतं. मित्रांनो, ज्या घरात 'आता फक्त' हे दोन शब्द उच्चारले जातात तिथे जपून राहावं.

घुम्याने बायकोच्या भावाला सांगितलं, "पेट्यांचं डँपिंग राहिलंय. तेवढं सामान आणशील का?" मेव्हणा घरांची डागडुजी करायचा. त्याच्या जगात डँप म्हणजे भिंतीला आलेली ओल. लोक त्याला फोन करून "बाथरूमला डँप आलाय" एवढंच सांगत आणि तो निघे. दाजींच्या पेट्यांना ओल येते, हे त्याला नवीन होतं, पण दाजींचं सगळंच त्याला नवीन असे. घुम्या बाहेर गेलेला असताना त्याने सामान आणलं आणि कामही उरकून टाकलं. दोन्ही पेट्यांना आतून डांबराचे दोन हात.

"दाजी, आता बिनधास्त राहा. धो धो पाऊस पडला तरी आत थेंब जायचा नाही."

घुम्याने पेटीत डोकावून पाहिलं. "घरात कुठून पाऊस पडणार आहे?"

"तेच मी ताईला म्हटलं. म्हटलं, विचारावं का? पण म्हटलं, असेल तुमच्या लाइनीत काहीतरी."

घुम्याने पेटीवर टकटक केलं. लाकूड आधी 'टण्ण' करायचं, आता नुसतं 'टक' झालं. डांबराने पेटीच्या भिंती खरोखरच गप्प केल्या होत्या. त्या घरातली ही एकमेव चूक, जी बरोबर निघाली. पण तिचा वास असा होता की आईला त्या खोलीत बसवेना. पेट्या गॅलरीत ठेवल्या. वास जाईपर्यंत आईच्या कानातून 'स' निघून गेला.

बातम्या देणारा म्हणाला, "संप मिटला."

आई म्हणाली, "पंप मिटला? मिटला कसा? छत्री आहे का ती?"

सून हसली. मग एकदम हसायची थांबली.

त्यानंतर घुम्याने कुणालाच काही आणायला सांगितलं नाही, स्वतःच वणवण केली. फोम आणला. दाबून पाहिला आणि म्हणाला, "काही वर्षांत याचा भुगा होतो." परत नेऊन दिला. काचेची लोकर आणली. तिचे तंतू उडून अंगाला खाज सुटते आणि आई तर पेटीसमोरच बसणार, म्हणून तीही परत. अंड्यांचे ट्रे लावले की आवाज मरतो, अशी गल्लीत अफवा होती. शेजारपाजाऱ्यांनी इतके ट्रे आणून दिले की त्या घरात बसायला जागा उरली नाही. ट्रे लावल्यावर पेटी पूर्वीसारखीच घुमली, फक्त आता ती अंड्यांच्या दुकानासारखी दिसत होती. मग त्याने स्वतःची गादी उसवून कापूस भरला. कापूस हळूहळू खाली बसला आणि पेटीचा वरचा भाग पुन्हा घुमायला लागला. नवरा-बायको सतरंजीवर झोपू लागली.

"अहो, फोम काय वाईट होता?" सून म्हणाली. "काही वर्षं टिकला असता ना. आपल्याला किती वर्षं पाहिजेत?"

घुम्याने गादीची रिकामी खोळ घडी घालून ठेवली. या प्रश्नाचं उत्तर मोठ्याने द्यायचं नव्हतं.

अशात तो शर्ट घ्यायला इस्त्रीच्या दुकानात आला आणि कोपऱ्यात मी दिसलो. त्याने मला उलगडलं, तोंडावर धरलं आणि माझ्यातून श्वास घेतला. माझ्या आयुष्यात माझ्याशी इतकं जवळून कुणी वागलं नव्हतं.

इस्त्रीवाला घाबरला. "अहो, ते तोंड पुसायचं नाहीये."

"श्वास जातोय," घुम्या माझ्या आतून म्हणाला. "पण सहज जात नाही. अडखळत जातोय. असंच पाहिजे होतं."

"दमा आहे का तुम्हाला?"

"हवा जिथे अडखळते तिथेच आवाज जिरतो."

"घेऊन जा," इस्त्रीवाला म्हणाला. "आणि डॉक्टरला दाखवा."

घुम्याने मला उन्हात घातलं, झटकलं, डांबराच्या गोळ्यांत ठेवलं. त्या घराचं डांबराशी काहीतरी नातं होतं. कसर मेली. निदान तसं आम्हा सगळ्यांना वाटलं. मग त्याने माझे तुकडे कापले आणि पेट्यांत बसवले. अभिमानाने सांगतो, पहिल्याच दिवशी मी पोटभर आवाज खाल्ला. घुम्या समोर बसून ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले. आता तो आईला हाक मारणार, असं मला वाटलं.

तो उठला, पेटीवर टकटक केलं आणि म्हणाला, "थोडं घुमतंय अजून."

मित्रांनो, ते इतकं थोडं होतं की मलाही ऐकू येत नव्हतं, आणि मी आत होतो. पण त्याने स्क्रू काढले. मला चिमटीने थोडं पिंजलं, सैल केलं, पुन्हा भरलं. आवाज मफलर गुंडाळल्यासारखा झाला. मग थोडं काढलं. मग तेच इकडचं तिकडे केलं. रोज स्क्रू काढायचे, रोज लावायचे. भोकं ढिली झाली की त्यांत काडेपेटीच्या काड्या घालायच्या. पलीकडच्या खोलीत आई रेडिओ लावून बसलेली असायची. आधी ती बातम्या देणाऱ्याशी भांडायची. मग नुसती विचारू लागली, "काय म्हणाला?" मग तेही विचारेनाशी झाली. नुसती मान हलवायची, समोरून कुणीतरी फार शहाणपणाचं बोलत असल्यासारखी. कुणाशीही सहमत व्हायचा स्वभाव नव्हता तिचा.

सून एकदा दारात येऊन उभी राहिली. "अहो, द्या ना आता. घुमू दे थोडं. हौदातून तर हौदातून."

"तिला हौदातलं नाही द्यायचं मला."

"तुम्हाला घुमतंय हो. त्यांना काहीच होत नाहीये."

तो पिंजत राहिला. त्याच्या हातात मी होतो.

शेवटी एका संध्याकाळी त्याने टकटक केलं आणि काहीच बोलला नाही. झालं होतं. त्याने पेट्या बाहेरच्या खोलीत नेल्या, टेबलं पुसून त्यांवर ठेवल्या, आईला हाताला धरून आणलं आणि बरोबर मध्ये खुर्ची ठेवून तिला बसवलं. आईने पदर सारखा केला. सून ओले हात घेऊन दारात उभी राहिली. घुम्या तार जोडायला पेट्यांच्या मागे वाकला.

तार त्याच्या हातात होती. अजून जोडलेली नव्हती. पेटीत शांतता होती, आणि मला खाण्यासारखं काहीही नव्हतं.

आई म्हणाली, "वा! किती स्वच्छ रे. आता अगदी समोर बसून बोलतोय. शब्द न् शब्द कळतोय हं."

घुम्या वाकलेलाच राहिला. सून पटकन आत गेली आणि तिने नळ मोठा सोडला.

आईने अंदाजाने पेटीकडे बोट केलं. "आणि तू रे, खोटं बोलतोस नेहमीसारखा. आज सापडलास की नाही!" आणि मुलाला बरं वाटावं म्हणून ती हसली.

बऱ्याच वेळाने त्याने तार जोडली. बातम्या सुरू झाल्या. मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवा, एक अक्षरही घुमत नव्हतं. स ला स होता, त ला त होता. असा आवाज त्या घरात कधी आला नव्हता आणि तो ऐकणारे दोघे होते. एक मी, आणि दुसरा तो, जो आता ऐकत नव्हता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पेट्या लागतात. मुलाने एवढी खटपट केली म्हणून आई समोर येऊन बसते. आई बसते म्हणून मुलगा पेट्या लावतो. ती ठरलेल्या वेळी "नेमा, नेमा" म्हणते. बहुतेक वेळा तेव्हा हवामानाचा अंदाज चाललेला असतो. तो पेट्यांवर टकटक करत नाही. नवीन पेटी त्याने बनवलेली नाही. कुणी बनवायला सांगितलीच तर म्हणतो, "बाजारातली घ्या. चांगली असते." आणि माझ्या आतल्या पदरात कसर पुन्हा चालायला लागली आहे. तिचा आवाज फार बारीक असतो. मी तोही खाऊन टाकतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूचं कुणी ऐकत नाही, तरी सांगतो. आपल्या माणसासाठी काही करत असाल तर ते अर्धवट असतानाच नेऊन द्या. ढिलं असेल, वाकडं असेल, घुमत असेल, तरी द्या. नंतर नीट करायला आयुष्य पडलेलं असतं, पण ते तुमचं असतं, त्यांचं नसतं.

याखेरीज माझी एक विनंती आहे. ती रीतसर केलेली बरी.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी यांस,

विषय : पेटी पूर्वलक्षी प्रभावाने पूर्ण झाल्याचे समजण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, ज्या संध्याकाळी सदर आईस शेवटचा पूर्ण शब्द ऐकू आला, त्याच्या आदल्या संध्याकाळी पेटी पूर्ण झाली होती असे समजण्यात यावे. त्या संध्याकाळच्या बातम्या त्याच निवेदकाने, त्याच खोलीत, आई समोर बसलेली असताना पुन्हा देण्याबाबत संबंधितांस आदेश व्हावेत. तिला त्याच्याशी भांडण्यास आवश्यक तेवढा वेळ मंजूर करण्यात यावा. पेटी थोडी घुमत असल्यास त्याबद्दल कोणाचीही हरकत राहणार नाही, असे तिच्या मुलाकडून लिहून घेण्यात येईल.

तरी सदर प्रकरणी विनाविलंब कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
नमदा
(जेवढा शिल्लक आहे तेवढा)