डाव्या बाजूची हिरवळ

लॉर्ड अँब्रोझ टार्ल्टनचा डावा डोळा गेला तो पोलोच्या मैदानात, ऐन जुलैत, निम्म्या ससेक्सच्या देखत. चेंडू बार्नबीने मारलेला. बार्नबी म्हणजे शाळेपासूनचा जिवलग दोस्त आणि मैदानातला तितकाच जुना वैरी. तेव्हापासून अँब्रोझला भेटायला येणारा जो तो आवाज खाली करून बोलू लागला. डोळा गेला होता, कान शाबूत होते, पण हे सांगायचं कुणाला? डॉक्टरांनी बसवून दिलेला काचेचा डोळा त्याने टेबलाच्या खणात टाकला आणि काळी पट्टी बांधून राजरोस हिंडू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने टार्ल्टन कपसाठी नाव दिलं आणि क्लबात खळबळ उडाली. कप त्याच्याच आजोबांनी ठेवलेला, मैदान त्याच्याच घराण्याचं. तरी क्लबाचे अध्यक्ष कर्नल व्हिटलॉक नियमांचं पुस्तक काखोटीला मारून हजर झाले.

"अँब्रोझ, एका डोळ्याने आंधळा घोडा मैदानात उतरवता येत नाही. नियमच आहे तसा."

"माझ्या ज्युनिपरचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. स्वाराबद्दल काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा."

कर्नलांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. स्वाराबद्दल अक्षर नव्हतं. नियम करणाऱ्यांना काळजी घोड्यांची, आणि यात तिथे कुणालाच काही वावगं वाटत नाही.

आई मात्र पुस्तकाने गप्प बसणारी नव्हती. थोरल्या डचेसबाईंनी न्याहारीच्या टेबलावरच सुनावलं, "खेळ. पण पहिल्यासारखं खेळणं जमलं नाही तर सगळ्या घोड्या विकायच्या आणि पुन्हा काठीला हात लावायचा नाही. दर उन्हाळ्यात जीव मुठीत धरून बसायचं माझं वय राहिलं नाही, ब्रोझ."

"कबूल. आणि जमलं, तर या विषयावर तू चकार शब्द काढायचा नाहीस."

"नाही काढणार," डचेस म्हणाली आणि टोस्टला मुरंबा फासू लागली.

बार्नबीच्या संघाशी सामना चार चकरींचा, म्हणजे चार छोट्या डावांचा होता; दर चकरीला घोडी बदलायची. ज्युनिपर ही आपली लाडकी घोडी अँब्रोझने शेवटच्या चकरीसाठी राखून ठेवली. पहिल्या दोन चकरींत तो असा खेळला की कर्नलसुद्धा टाळ्या पिटत उभे राहिले. तीन गोल एकट्याचे. संघ दोन गोलांनी पुढे. अँब्रोझची छाती फुगली. जमलं की! उगाच वर्षभर लोकांची कीव ऐकून घेतली.

मध्यंतरात प्रेक्षकांनी मैदानात उतरायचं आणि खुरांनी उखडलेली ढेकळं पायाने दाबायची, ही तिथली रीत. हातात शॅम्पेन, डोक्यावर भल्यामोठ्या हॅटी आणि पायाखाली चिखल. डचेस दर वर्षी लेकाच्या वाटेवरची ढेकळं दाबायची, दुसऱ्या कुणाला ती वाट द्यायची नाही. अँब्रोझ तिच्याकडे गेला तेव्हा ती मान खाली घालून गवत न्याहाळत होती.

"आई, पाहिलंस ना?"

"पाहते आहे. यंदा मला कामच ठेवलं नाहीस. तू धावलास तिथे डाव्या अंगाला एक ढेकूळ उखडलेलं नाही. बिशपच्या बागेत बरं असतं असं गवत."

अँब्रोझने खाली पाहिलं. पोलोत शत्रू खांद्याला खांदा भिडवून घोड्यानिशी रेटतो. रेटारेटी झाली की माती उधळतेच. त्याच्या डावीकडे, आंधळ्या बाजूला, हिरवळ जशीच्या तशी होती. कुणी अंगावर आलंच नव्हतं. तिन्ही गोल त्याच्या पदरात टाकलेले होते. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तो तडक बार्नबीच्या घोड्यांपाशी गेला.

"तुम्ही सगळ्यांनी ठरवून ठेवलंय ना रे?"

"कशाचं काय?" बार्नबी खोगिराचा पट्टा आवळत राहिला.

"माझ्याकडे बघ. डावीकडून का येत नाहीस?"

"येणार नाही!" बार्नबी एकदम फिरला. "त्या दिवशी माझ्या चेंडूने काय झालं ते मी रोज बघतो, ब्रोझ. तुला मी दिसणार नाही. पडलास तर? एक डोळा मी घेतलाय, तेवढं पुरे."

"डोळा घेतलास तो चुकून. आता खेळ घेतोयस तो जाणूनबुजून. अरे, मला लाज आणलीस तू. आज असं जिंकलो तर मी घरी जाऊन घोड्या विकीन."

बार्नबी पुन्हा खोगिराच्या पट्ट्याकडे वळला.

तिसऱ्या चकरीत बार्नबी पुन्हा जवळ आला आणि पुन्हा लगाम खेचून बाजूला झाला. पुढे मोकळा गोल. अँब्रोझने घोडी थांबवली. चेंडू हळूहळू घरंगळत चालला.

"मार ना, वेडा झालास का?" त्याच्याच संघातले ओरडले.

अँब्रोझने काठी खांद्यावर टाकली आणि घोडी वळवून आपली डावी बाजू बार्नबीकडे केली. सगळं मैदान बघत राहिलं. बार्नबीच्या भिडूंनी चेंडू पळवला आणि तिकडे गोल करून टाकला. अँब्रोझ जागचा हलला नाही.

शेवटच्या चकरीत ज्युनिपर आली, आणि बार्नबीही आला. आधी फक्त टापा ऐकू आल्या, मग धडक. गुडघ्यातून कळ गेली, ज्युनिपर अडखळली, चेंडू गेला, गोल झाला. पुन्हा टापा, पुन्हा धडक, पुन्हा गोल. तिसऱ्या वेळी अँब्रोझने डोळ्याचा नादच सोडला. टापा जवळ येऊ दिल्या आणि आपणच घोडी डावीकडे घातली. बार्नबी घोड्यासकट रेषेबाहेर गेला, शिव्या देत. काय गोड शिव्या होत्या!

सामना एका गोलाने गेला. बार्नबी कप घेऊन लंगडतच त्याच्यापाशी आला.

"हरलास, गाढवा."

"हरवलंस. वर्षभरात पहिल्यांदा कुणी हरवलं मला."

मैदान रिकामं होत होतं. डचेस मात्र एका लांबलचक खड्ड्यापाशी उभी होती.

"हा कुणाचा?"

"माझा. अर्धा बार्नबीचा."

"डावीकडचा?"

"डावीकडचा."

तिने लेकाच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग चकार शब्द न काढायचं वचन आठवलं. ओठ घट्ट मिटून ती पुढे झाली आणि उखडलेल्या ढेकळावर टाच जोरात आपटली.