तिसरी डिश

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर दोन डिशमधल्या जिवंत पेशी मोठ्या करून दाखवल्या होत्या. कोशमहाराजांनी एकीत साधं पाणी सोडलं, दुसरीत आपलं गुलाबी रेशीमजल. दहा मिनिटांनी दोन्हींत निळा रंग घातला. तो मेलेल्या पेशींवर चढतो. पाण्यातल्या झाडून साऱ्या निळ्या पडल्या, रेशमातल्या होत्या तशाच राहिल्या. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"किडा कोशात शिरतो आणि पंख घेऊन बाहेर येतो," महाराज म्हणाले. "तिथं तुमच्या जखमेची काय कथा?"

शेजारी माझी ताई बसली होती. तिला मधुमेह, टाचेला जखम. तीन आठवडे दवाखान्याचं ड्रेसिंग सोडून ती हेच रेशीमजल लावत होती. मोज्यातून वास येत होता. मी चौदा वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवते. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी नुसती उठले.

"महाराज, तुमच्या डब्यात पेशींची आणखी एक डिश आहे. तिच्यात मी प्रयोगशाळेतून आणलेली ही बाटली ओतू या? यात रेशीम नाही. पेशींचं रोजचं खाद्य आहे. तेही गुलाबीच असतं."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, बाई."

"ओतू द्या की," पुढच्या रांगेतला शिंपी म्हणाला. "बघू तरी."

दहा मिनिटांनी निळा रंग घातला. तिसऱ्या डिशमध्येही पेशी निळ्या पडल्या नाहीत.

मी सांगितलं, साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. महाराजांनी रेशीम त्या खाद्यात कालवलं होतं. जगवलं खाद्यानं, भाव खाल्ला रेशमानं. रेशमातल्या प्रथिनांनी डिशमध्ये कधीकधी पेशी चांगल्या वाढतात, हे खरं. प्रमाण वाढलं तर मरतात, हेही मी पाहिलंय. पण डिशमध्ये आम्ही एकही जंतू शिरू देत नाही. ताईच्या टाचेत ते होतेच, आणि त्या साखर असलेल्या खाद्यावर तेही पोसले जातात.

ताईचा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

"पहिल्याच दिवशी तुला विचारलं होतं, हे पाणी लावू का म्हणून," वॉर्डात ती म्हणाली. "तू हसलीस."

"हो," मी म्हणाले. रडू आलं नाही.

चमत्कार दाखवणाऱ्याला विचारा, तुझी वस्तू वगळली तर काय होतं? आणि घरचं कुणी विचारायला आलं, तर हसू नका. जवळ बसवून सांगा.